चतुराबाईचा सडा

केनवडच्या शाळेमागं हॉल व्हायच्या आधी नुसतं मैदान होतं. रामकिसन तिथं कबड्डी खेळायचा अन् गुडघे फोडून घरी यायचा. म्हणून लग्न झाल्यापासून त्याची बायको चतुराबाई सामन्याच्या सकाळी मैदानावर शेणाचा सडा टाकायची. धूळ बसायची, माती मऊ पडायची. पुढं मैदानाला भिंती आल्या, मग पत्रे आले, आणि औंदा खाली लाकडी पट्ट्या. सकाळी हॉल गावासाठी खुला, असं ठरलं.

पहिल्या सकाळी चतुराबाईनं नातीची रॅकेट उचलून बॅडमिंटनचं फूल मारलं. ते पत्र्याखालच्या निळसर उजेडात क्षणभर थांबलं आणि सावरीच्या कापसाच्या म्हातारीसारखं तरंगत खाली आलं. दिवसभर तिला तेच दिसत राहिलं, शेतात तुरीवर, चुलीपुढं तव्यावर. पुन्हा मारायचं होतं तिला.

दुसऱ्या दिवशी ती बादली घेऊनच गेली. सवयीच्या हातानं कोपऱ्यापासून सडा टाकत आली.

खेळाचे शेषराव सर दारात थिजले. चिडले किंवा अवघडले की त्यांचा घसा शब्दाशब्दाला अडायचा, खाकरावं लागायचं. "अं-हं! बाई! अं-हं! लाकूड आहे हे!"

"मंग? खेळाच्या जागेले सडा नोको काय?"

कोपऱ्यातल्या पट्ट्या पाणी पिऊन फुगल्या. सरांनी हॉल गावाला बंद केला.

"अख्ख्या गावाचा खेळ बुडवला तुनं," रामकिसन खाटेवरून हसला.

"तुमचे गुडघे कोनं वाचवले थे?"

तरी ती रोज पहाटे जायची. पायरीपुरता सडा टाकून तिथंच बसायची. दिवाळीच्या सुट्टीत पोरं नव्हती. आत सर एकटेच भिंतीवर फूल मारत. टप. टप. ऐकता ऐकता तिचे डोळे मिटायचे, हात मांडीवर हलायचा.

एक दिवस टपटप थांबली.

"अं-हं. बाई, भिंतीशी किती खेळू? या."

"गावाले बंद हाय न?"

"तुम्ही या हो."

तिचा जीव केव्हाच आत गेला होता. तरी ती हलली नाही. "गाव येईन त मी येईन."

सर दोनदा खाकरले. मग त्यांनी दाराची दुसरी फळीही उघडली. "सांगा गावाला. पण बादली, अं-हं, बाहेर!"

गावाला बोलावून ती परत आली, अन् पदर खोचून, सरांनी दिलेली रॅकेट घेऊन नेमकी फुगलेल्या पट्ट्यांवर उभी राहिली.

"तिथं नको, अडखळाल."

"अडखळू द्या. माह्या सड्याची जागा हाय थे."

सरांनी फूल वर उडवलं. ते तरंगत तिच्या पायाशी पडलं. रॅकेट हलली नव्हती.

"अं-हं! बाई, मारा ना!"

"थांबा हो, पाहू द्या. आनखी एकडाव उडवा."