पुढच्या गड्याची चाळ

साकीनाक्याला लेथवर काम करणारा जयवंत म्हणजे आमच्या घाटकोपरच्या जाखडी मंडळाचा पुढचा गडी. गौरी-गणपतीत आम्ही रत्नागिरीकडचे लोक घरोघरी फेर धरून नाचायचो. मध्ये मृदंगवाला, प्रत्येकाच्या उजव्या पायात घुंगरांची चाळ, आणि सगळ्यांची नजर जयवंतच्या पायावर. मी श्यामकांत, त्याच्या मागचा दुसरा. सात वर्षं त्याची पाठ बघितली. जळायचो मी त्याच्यावर, खोटं कशाला बोलू?

चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये त्याला ताप आला. ताप उतरला, पण नळावर जाऊन येईपर्यंत धाप लागायला लागली, छातीत दुखायला लागलं. इस्पितळात ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, तापाच्या विषाणूनं हृदयाच्या स्नायूला सूज आलीय. सहा महिने जिनासुद्धा चढायचा नाही, नाच तर सोडाच. ऐकून मी हळहळलो. आणि घरी येऊन पायाला तेल चोळत बसलो.

आमच्या मंडळात नव्या पुढच्या गड्याला जुन्या गड्यानंच आपली चाळ बांधायची. गणपतीत जयवंत बायकोचा, सुगंधाचा हात धरून आला आणि माझ्या पायाशी बसला. दोरी इतकी करकचून आवळली की पाऊल बधिर झालं.

"घट्ट झाली रे."

"माझ्या मापाची आहे ना," तो म्हणाला.

मग तो खुर्चीत बसून बघत राहिला. मला वाटलं, आता सगळे माझ्याकडे बघतील. कसलं काय! प्रत्येक फेरानंतर बायका त्यालाच विचारायच्या, "बरं वाटतंय ना?" माझे पाय कुणी बघितलेच नाहीत. त्या आजारी माणसाचाही मला हेवा वाटला.

जयवंत हळूहळू सुधारला. आधी गल्लीच्या तोंडापर्यंत, मग बाजारापर्यंत, मग परत लेथवर. पुढच्या श्रावणात डॉक्टरांनी पुन्हा तपासून नाचायची परवानगी दिली. गणपतीत मंडळानं नारळ फोडला. आता चाळ बांधायची पाळी माझी. मी वाकलो, पण गाठ काही धड बसेना.

"दम लागला तर सांग," मी म्हणालो.

"सांगतो की. म्हणजे तुला लगेच पुढे येता येईल."

सगळे हसले. मीही हसलो.

मृदंग वाजला आणि मी पुन्हा त्याच्या पाठीमागे. अख्खा फेर मी गाणं सोडून त्याचा श्वास ऐकत होतो. समोर गणपती होता, म्हणून खरं तेच सांगतो. त्याला दम लागू नये असं मला वाटत होतं. आणि लागावा असंही.