नागपूर जायचं ते पासवरच

"आम्ही वर्षातून दोन-तीनदाच विमानात बसतो, आमच्यासारख्यांना त्या पॉइंटांचा काय उपयोग?" हा प्रश्न या ब्लॉगवर मला सारखा येतो. उपयोग आहे, आणि भरपूर आहे. मी तो नव्वदीच्या दशकात, सुरतेच्या नवागाममध्ये दोन खोल्यांत राहून करून दाखवलेला आहे. आज त्या प्रवासाची हकीकत सांगतो. मधूनमधून फुशारकी मारणार आहे, तेवढी सहन करा.

तेव्हा मी रिंग रोडवरच्या एका साड्यांच्या पेढीत सेल्समन होतो. सॅम्पलची जाड बॅग घेऊन गावोगाव हिंडायचं, दुकानदारांपुढे साड्या उलगडायच्या, ऑर्डर घेऊन परत यायचं. बहुतेक सगळं रेल्वेने. पण पूजेच्या आधी कलकत्ता आणि पोंगलच्या आधी मद्रास, अशी घाई असली की शेठ मुंबईहून विमानाने पाठवायचे. खाजगी विमान कंपन्या नुकत्याच आल्या होत्या. सँडविच द्यायच्या, गोळ्या द्यायच्या आणि सभासद होण्याचा फॉर्मही द्यायच्या. फुकट मिळालेली गोळी मी कधी सोडली नाही, मग फॉर्म तरी कसा सोडणार? भरला आणि हवाईसुंदरीच्या हातात दिला.

आता माझ्या माईबद्दल. आम्ही मूळ नंदुरबारकडचे, जय भीमवाले. बाबा रेल्वेत गँगमन. रूळ तपासायचे, खडी ठोकायची, गाडी आली की बाजूला होऊन हिरवा झेंडा धरायचा. पुढे बदली उधन्याला झाली आणि आम्ही नवागामचे झालो. गाडीची शिट्टी ऐकून माय भाकरी टाकायची, इतकी लाईन जवळ. रेल्वेच्या घरांत पासाचा एक तोरा असतो. तिकीट लोक काढतात, आपण पासवर जातो. बाबांनी लग्नानंतर माईला शब्द दिला होता की तुला पासवर नागपूरला नेतो, दीक्षाभूमी दाखवतो. दरवर्षी पास निघायचा आणि दरवर्षी ऐनवेळी रजा नाकारली जायची, कधी पावसात भराव खचला म्हणून, कधी गँगमध्ये माणसं कमी म्हणून. पासाची मुदत संपायची. मग एक दिवस नोकरीत असतानाच बाबा गेले आणि पासही बंद झाले.

मी कमवायला लागल्यावर कितीदा म्हटलं, "माय, चल, मी तिकीट काढतो. सुरतेहून सरळ गाडी आहे." लग्नकार्याला ती कुरकुरत का होईना, तिकिटाने यायची. पण नागपूरचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर यायचं.

"नागपूर जासू ते पासवरच. तुना बापनी तसंच सांगेल शे."

हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसाने. मी नाद सोडला होता. पण एकदा रात्री जेवताना मी तिला सहज सांगितलं की विमानवाल्यांकडेही असं काहीतरी असतं. त्यांच्याकडून प्रवास केला की पॉइंट जमतात, पुरेसे जमले की ते तिकीट देतात, पैसे घेत नाहीत, आणि ते तिकीट घरच्या माणसालाही चालतं. माईचा घास हातातच राहिला.

"म्हनजे पासच शे ना तो?" ती म्हणाली. "कोना नावना? मुदत कधीलोंग शे?"

पेढीवरच्या शिकलेल्या लोकांना मी ही योजना समजावून थकलो होतो. माझ्या माईला दोन वाक्यांत कळली. मुदतीचं तर माझ्याही डोक्यात नव्हतं. फॉर्मबरोबर आलेलं पत्रक काढून पाहिलं, तर पॉइंटांना खरोखरच मुदत होती. मग आजवर जमले किती, हे विचारायला दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून मुंबईला फोन लावला. तिकडून एका मुलीने गोड आवाजात सांगितलं की तुमच्या नावावर एकही पॉइंट नाही, कारण तुम्ही आमच्या विमानात कधी बसलेलाच नाहीत.

झालं होतं असं. आमच्या मार्केटची एक रीत होती. पेढीचं तिकीट निघायचं ते शेठच्या नावाने, मग जाणारा कोणी का असेना. एजंटाला तसंच सांगून ठेवलेलं. तेव्हा विमानतळावर ओळखपत्र कोणी बघत नसे. मी इतके दिवस हसमुखभाई म्हणून उडत होतो आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. फॉर्मवर मात्र माझं स्वतःचं नाव, अशोक. मग पॉइंट जमणार कसे?

घरी सांगितल्यावर मी चांगलीच बोलणी खाल्ली. "दुसराना पासवर फिरस तू? रेल्वेमा अशानी नोकरी जास." दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी शेठच्या गादीसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, यापुढे माझं तिकीट माझ्या नावाने काढा.

शेठ पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले, "अल्या, नाम थी शुं फरक पडे? प्लेन तो एज छे ने?"

नावाने काय फरक पडतो, ते मी सांगितलं. बाबांचा शब्द, माईचा हट्ट, सगळं. गुजराती माणसापुढे आईचं नाव काढलं की तो वेगळाच होतो. शेठनी लगेच एजंटाला फोन लावून माझं नाव बाबांच्या नावासकट आणि आडनावासकट लिहून घ्यायला लावलं. आईसाठी आहे तर आधीच सांगायचं ना, अशा सुरात मला म्हणाले, "बा माटे छे तो पहेलां बोलवुं जोइए ने." वर एक अटही घातली, कलकत्त्याची जी पार्टी दोन वर्षं दुसऱ्या पेढीकडे गेली होती ती परत आणून दाखव, म्हणजे पुढचं विमान नक्की. मी पार्टी परत आणली. कशी आणली तो वेगळा विषय आहे, पण आणली.

तर मंडळी, कधीमधी उडणाऱ्यांनी एवढं तरी करावं. एकच कंपनी धरून ठेवा, जरा गैरसोयीची वेळ असली तरी. तिकीट स्वतःच्याच नावाचं असू द्या. बोर्डिंग पासचा तुकडा फेकू नका, पॉइंट चढले नाहीत तर तोच पुरावा. मी ते तुकडे माईच्या मिसरीच्या रिकाम्या डब्यात ठेवायचो. आणि गर्दीचे दिवस टाळा. दसऱ्याच्या सुमाराला नागपूरची पॉइंटवरची जागा मिळणं तेव्हाही शक्य नव्हतं. मला मिळाली ती फेब्रुवारीत, मार्चअखेर मुदत संपायच्या आधी. पॉइंट एका माणसाच्या जाण्यायेण्यापुरते होते. मी त्यातून दोघांचं नुसतं जाणं घेतलं. येताना रेल्वे.

गल्लीत बातमी पसरली तेव्हा शेजारच्या शेवंताकाकूंनी हसून घेतलं. "नागपूर पूर्वेला शे. तुम्ही पहिले दक्षिणेला मुंबईले जाणार, मग तठून इमानमा बसणार. सरळ गाडी सोडून?" हिशोबाने त्यांचं बरोबर होतं. माईने मला पातळाला इस्त्री करून आणायला सांगितलं, ते पांढरं, निळ्या काठाचं.

पहाटेची फ्लाइंग राणी पकडली. तिला तेव्हा दुमजली डबे होते. माईला वरच्या मजल्यावर बसवलं, म्हटलं उंचीची थोडी सवय होऊ दे. तिने कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता, विमानात काय देतील याचा भरवसा नाही म्हणून. वाटेत घोलवडचे चिकू आले, ते घेतले. बोरिवलीला उतरून रिक्षाने सांताक्रूझ विमानतळ. तुम्ही कधी या मार्गाने गेलात तर मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊन उलटे येऊ नका, उगाच अर्धा दिवस जातो.

काउंटरवरच्या तरुणाने आमची तिकिटं उलटीपालटी केली. "ये तो पॉइंटवाला टिकट है. फ्लाइट फुल है. साइड में रुकिए." पैसे भरलेले लोक एकेक पुढे जात होते आणि आम्ही खांबापाशी उभे. आता इथून परत फिरायचं झालं, तर ही पुन्हा कधी निघणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पॉइंट मार्चमध्ये बुडणार होते, आणि नागपूर बाबांच्या पासांबरोबर कायमचं गेलं असतं. मी तावातावाने काउंटरकडे निघालो तर माईने माझी बाही धरली आणि स्वतःच पुढे झाली. पासवाल्या बाईला अडवलं जाण्याची सवय असते. तिने काउंटरवर हात ठेवला आणि तिच्या हिंदीत, आवाज न चढवता विचारलं, "पास में नाम मेरा है? तारीख आज की है? फिर काय के लिए रुकना?"

तरुण जरा गडबडला. आत जाऊन कोणाशी तरी बोलून आला. मग दोन बोर्डिंग पास दिले, आणि माईला म्हणाला, "माताजी, आपको खिडकी दिया है." मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की मी आजूबाजूच्या सुटाबुटातल्या लोकांकडे उगाच बघत राहिलो.

विमानात माय ताठ बसली. पट्टा मी लावून दिला. खिडकीबाहेर, दुपारच्या उन्हात, डांबरावर एक माणूस उभा होता. कानांवर मोठे गोळे, हातात बॅडमिंटनच्या रॅकेटसारखं काहीतरी. विमान हललं तसा तो बाजूला झाला, वर बघून हात उंच केला आणि विमान पुढे जाईपर्यंत तसाच थांबला. माय त्याच्याकडे एकटक बघत होती.

"हाऊ बी गँगमन शे का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "हो माय, इकडचा गँगमन."

तिने काचेला तळहात लावला. तो माणूस दिसेनासा झाल्यावर काढला. मग विमान वर गेलं, ढग आले, खाली तपकिरी डोंगर दिसले, सँडविच आलं. तिने ते रुमालात बांधून ठेवलं आणि भाकरीचं फडकं सोडलं. ठेच्याच्या वासाने पुढचा गृहस्थ वळून बघायला लागला, तेव्हा तिने अर्धी भाकरी त्याच्यासमोर धरली. त्याने घेतली आणि खाल्लीही.

नागपुरात सीताबर्डीला लॉज घेतला. खोली साधी, पण पाणी गरम. सकाळी तर्री-पोहे खाल्ले, माईला नाकातून पाणी आलं तरी तिने प्लेट संपवली. रिक्षावाल्याला दीक्षाभूमी म्हणताच त्याने "जय भीम, माय" म्हणून स्वतःच तिची पिशवी उचलली. स्तूपाचं काम तेव्हा चालू होतं, बांबू लावलेले, बाया डोक्यावरून घमेली नेत होत्या. गर्दी नव्हती. माय बोधिवृक्षाखाली बराच वेळ बसली. वंदना म्हटली. मी फोटो काढायचं विचारलं तर नको म्हणाली. मग उठली, घमेली वाहणाऱ्या एका बाईच्या हातात विमानातलं ते सँडविच ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "चाल. झायं." मला तिथे रडू आलं. ते मी लपवलंही नाही.

संध्याकाळी अहमदाबादकडे जाणारी गाडी. स्लीपरची तिकिटं मी आधीच काढून ठेवली होती, यावेळी तिने कुरकुर केली नाही. संत्री घेतली, घासाघीस माईने केली. सकाळी जाग आली तेव्हा नंदुरबार मागे पडत होतं आणि माय माझ्या आधीपासून खिडकीशी बसली होती. गाडीचा वेग कमी झाला. रुळाचं काम चाललं होतं, आणि बाजूला गँग उभी होती, एकाच्या हातात हिरवा झेंडा. माईने गजांतून हात बाहेर काढला. ती त्या माणसांशी बोलत होती की आणखी कोणाशी, ते मी विचारलं नाही.

"नागपूर जाई उनू मी," ती म्हणाली. "पासवरच गऊ."

पुढे मी बराच उडलो. सभासदाच्या कार्डाचा रंग बदलला, विमानतळावर बसायला गुबगुबीत खोल्या मिळाल्या, परदेशी तिकिटंही पॉइंटवर काढली. पण कमावलेल्या पॉइंटांचं खरं मोल झालं ते त्या एकाच प्रवासात, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगतो. आजही विमान निघताना मी खाली उभ्या असलेल्या त्या माणसाला शोधतो आणि हात वर करतो. शेजारचा प्रवासी कधीकधी विचित्र नजरेने बघतो.

त्या दिवशी उधन्याला उतरून घरी पोहोचलो तेव्हा गल्लीतल्या बाया ओट्यावर जमल्याच होत्या. माय संत्री वाटत होती. शेवंताकाकू संत्रं सोलता सोलता म्हणाल्या, "नशीबवान शेस बाई तू. फुकटमा इमानमा बसी उनी."

माईने स्वतःच्या हातातलं संत्रं तिथेच थांबवलं.

"फुकटना नही," ती म्हणाली. "मना पोऱ्याना कामना पास शे तो."

मी बॅग घेऊन आत गेलो आणि तहान नसताना तांब्याभर पाणी प्यायलो.