कुजबुजे मास्तरांची नऊ मिनिटं

आमच्या नाटक कंपनीत नटांची नावं पाटीवर लागत, प्रॉम्प्टरचं कधी लागलं नाही. एकतीस वर्षं विंगेतल्या स्टुलावर वही घेऊन बसलेले आमचे मास्तर अडलेल्या नटाला पुढचा शब्द पुरवत. तोही इतक्या हलक्या आवाजात की पहिल्या रांगेलासुद्धा पत्ता लागू नये. म्हणून ते कुजबुजे मास्तर. नट विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे त्यांना त्याच्या खांद्यांवरून कळे. माझ्या पॉजमध्ये त्यांनी एकदाही शब्द फेकला नाही. "बाई, थांबलेल्या माणसाला ढोसू नये," म्हणायचे.

कंपनी मोडली आणि मास्तर एका कॉलेजात रंगभूमीचा इतिहास शिकवू लागले. चांगले गाजलेसुद्धा! पण गेल्या वर्षी कॉलेजनं तो वर्ग आभासी जगात हलवला. संगणकाच्या पडद्यावर एक खोटं नाट्यगृह, खुर्च्यांत मुलांच्या बाहुल्या आणि रंगमंचावर मास्तरांची बाहुली, त्यांच्याहून वीस वर्षांनी तरुण आणि भरघोस केसांची. मुलं आपापल्या घरून यायची. विभागप्रमुख बाईंनी बजावून ठेवलं होतं की सत्राच्या शेवटी मुलं काय म्हणतात त्यावर विषय राहील नाहीतर जाईल.

पत्नी गेल्यापासून मास्तरांना त्या वर्गाच्या दोन तासांखेरीज आठवडाच नव्हता.

एका दुपारी त्यांनी मला वर्ग बघायला घरी बोलावलं. मी शेजारी खुर्ची ओढून बसले.

"बाबा, तुमचा हात वर राहिलाय," त्यांची सून दारातून म्हणाली. "मघापासून. मुलांना वाटेल, शंका तुम्हालाच आहे."

"आहेच मला शंका," मास्तर पुटपुटले आणि हात खाली घेण्याच्या नादात बाहुलीला दोनदा उठाबशा काढायला लावल्या.

मग मात्र ते काय बोलले! आणि मध्येच त्यांनी प्रश्न टाकला, "पडदा नव्हता तेव्हा नाटक सुरू झालं हे प्रेक्षकाला कळायचं कसं?" आणि थांबले.

समोर तेवीस बाहुल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी उभी हयात प्रेक्षक पाहिलेत. जिवंत प्रेक्षक खोकतो, कूस बदलतो, शेजारणीच्या कानाला लागतो. इथे तेवीस माना एकदम डावीकडे झुकत, मग एकदम उजवीकडे. हजेरी लावून मुलं केव्हाच निघून गेली होती.

"मास्तर, पुढे चला ना," मी हळूच म्हटलं.

त्यांनी बोट वर केलं. "विचार करताहेत, बाई."

नऊ मिनिटं ते तसेच थांबून राहिले. बाहुल्यांच्या खांद्यांवरून त्यांना काय कळणार होतं?

तिसऱ्या दिवशी मुलांच्या ग्रुपवर त्याच नऊ मिनिटांचा व्हिडिओ फिरला. वर मथळा, 'सर हँग झाले'. खाली हसऱ्या चेहऱ्यांची ही भली मोठी रांग. आठवड्याभरात प्रमुख बाईंचा फोन आला. वाईट वाटून घेऊ नका, पण विषय आताच थांबवतोय.

मी धावतपळत गेले तर मास्तर सुनेच्या फोनवर तोच व्हिडिओ बघत बसलेले.

"कशाला जिवाला त्रास करून घेताय?" मी फोन ओढायला गेले.

"बाई, तेविसांत एक होता. कुणीतरी हे सगळं बसून पाहिलंय."

"थट्टा करायला बसला होता मेला!"

"बसला होता ना?"

त्यांनी सुनेकडून व्हिडिओखाली लिहून घेतलं: 'आपण कोण ते कळलं नाही. उत्तर सांगायचं राहिलंय. मंगळवारी नेहमीच्या वेळी येतो.'

"बाबा, अजून हसतील हो," सून म्हणाली. पण लिहिलं तिने.

मंगळवारी मीही गेले. मास्तरांनी तीनतीनदा खटपट केली, मग सुनेनं केली. खोट्या नाट्यगृहाचं दार उघडेना. कॉलेजनं त्यांचं नाव यादीतून आधीच काढलं होतं.

मास्तरांनी त्या बंद दाराच्या चित्राला बोट लावलं.

"तो आला असेल का हो आत?" त्यांनी विचारलं.

मी आयुष्यभर खोटं बोलून टाळ्या घेतल्या. त्या दुपारी मला "असेल" एवढंही म्हणता आलं नाही.