पोलीस येईल

माझी लेक दोन वर्षांची होऊन गेली तरी शी-शू सांगायची नाही. मोरी चार पावलांवर, पण बाईसाहेब करणार ते बरोब्बर उंबऱ्याच्या आत, जिथे मी नुकतंच पुसून घेतलेलं. डिलाईल रोडच्या चाळीतली आमची एक खोली. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप. रोज सकाळी मी मोरीच्या कडेला पाय पसरून बसायची. दोन पावलांच्या मध्ये रद्दीचा कागद आणि पावलांवर लेक. ‘श्शूऽऽ श्शूऽऽ’ करून माझ्या घशाला कोरड पडायची. ती आपली माझ्या बांगड्यांशी खेळायची, उठायची आणि दोन मिनिटांत उंबऱ्याशी जाऊन काम उरकायची.

शेजारच्या खोलीतली मालवणची मावशी म्हणायची, “अगो, वाईच दम धर. पोर ता, करतला.” पण दम धरणं माझ्या रक्तात नाही. एका सकाळी माझं डोकं फिरलं आणि मी ओरडले, “पुन्हा इथे केलंस ना, तर पोलीस येईल!” चाळीतली प्रत्येक आई हेच म्हणायची. माझी आईही मला हेच म्हणायची. त्यात काय मोठंसं?

दिवस कुठले चाललेत, ते तेवढं माझ्या टाळक्यात शिरलं नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती. रस्त्यावर कर्फ्यू. नवरा पाळीला गेला तो गिरणीतच अडकलेला. एरवी कान किटवणाऱ्या गॅलरीत त्या दिवशी एकही दार उघडं नव्हतं. आमचंच काय ते उघडं, कारण शेगडीचा धूर आत कोंडत होता. चाळ माणसांनी गच्च भरलेली, आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं.

त्याच दुपारी लेकीने उंबऱ्याशी शू केली. मी फडकं घ्यायला वळले आणि जिन्यावर बूट वाजले. पहिला मजला, दुसरा, मग आमचा. बूट सावकाश येत होते, प्रत्येक बंद दाराशी थांबत. आमच्याशी येऊन थांबले.

घामाने डबडबलेला उंच पोलीस. कोणाला तरी शोधत असावा. त्याने खोलीभर नजर फिरवली आणि एक पाऊल आत टाकलं, ते नेमकं त्या ओल्यात. त्याने खाली बघितलं, मग लेकीकडे. कितीतरी वेळ बघितलं. तो वळला आणि गेला. त्याच्या मागे गॅलरीत एकाच बुटाचे ओले ठसे उमटत गेले, एका पायाचा माणूस चालत गेल्यासारखे. ते वाळून जाईपर्यंत लेक दारात उभी होती. रडली नाही. मला वाटलं, चला, बरं झालं, घाबरली नाही. मूर्ख मी!

दुसऱ्या दिवशी उंबरा कोरडा. मी मनातून खूश. नंतर लक्षात आलं, शू फक्त झोपेत होतेय आणि शी नाहीच. तिसऱ्या दिवशी तिचं पोट दगडासारखं टणक झालं. दवाखाना बंद. एरंडेल तिने थुंकून टाकलं. मावशीने विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून शीच्या जागी लावायला घेतला, तर पोरीने अंग असं काही आवळलं की मावशीने देठ तसाच बाजूला ठेवला. “माका ह्या बरा दिसना नाय गो,” ती हळूच म्हणाली. पोर हातची जाते की काय, असं मला वाटायला लागलं.

चौथ्या दुपारी बघते तर लेक उंबऱ्याशी फतकल मारून बसलेली. हातात फडकं. कोरडी लादी पुसत होती. पुसता पुसता थांबायची, जिन्याच्या दिशेने कान द्यायची, पुन्हा पुसायची.

“काय करतेस गं?”

तिने ओठावर बोट ठेवलं. “गप. पोलिश येतो.”

तेव्हा कुठे मला कळलं. मी तिला धाक घातला आणि तो माणूस खरंच चालत आला. तिच्या दृष्टीने तिनेच त्याला आणलं होतं.

आजवर मी कोणापुढे मान तुकवली नव्हती. तिच्यासमोर खाली बसले आणि स्वतःचे कान धरले. “तू शू केलीस म्हणून नाही आला गं तो. आई खोटं बोलली.”

तिने विचार केला. “मग कशाला आला?”

“मला नाही गं माहीत,” मी म्हटलं. हे तरी खरं होतं.

मी तिला पावलांवर घेतलं. या वेळी तोंडाने काही केलं नाही, घाई केली नाही. पायांना मुंग्या आल्या तरी हलले नाही. तिने कपाळ माझ्या गुडघ्यांवर टेकलं, मुठींत माझं लुगडं आवळलं. बऱ्याच वेळाने ती कण्हली, आणि झालं. दुखलं असणार, चार दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्याने रडली. मीही रडले, आनंदाने.

मग ती एकदम गप्प झाली. स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून दाराकडे बघायला लागली.

“कोणी नाही येत,” मी म्हटलं.

ती बघतच राहिली. जिन्यावर काही वाजलं नाही. पण मीसुद्धा श्वास रोखून ऐकत होते.