दुर्बिणीतलं घर
सावेडीतल्या आमच्या शेजारच्या मांडववाल्यानं काल जुनी कनात उन्हात टाकली, आणि तापलेल्या कापडाच्या उग्र वासानं मला थेट अकोले तालुक्यातल्या माळावर नेलं. सत्तर-एकाहत्तर साल असेल. वडील कालव्याच्या सर्व्हेला होते आणि मे महिन्यात आम्ही सगळेच त्यांच्या तंबूत राहायला जायचो. आईची चूल बाभळीखाली, आंघोळ ओढ्यात, आणि तिपाईवरची मोजणीची दुर्बीण म्हणजे हात न लावायची वस्तू. त्या सकाळी मात्र वडिलांनी मला तिच्यातून बघू दिलं. आत सगळं उलटं! समोरच्या लिंबाखालच्या घरातली म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन खाली डोकं, वर पाय अशी चालली होती, आणि पाणी सांडत कसं नाही तेच मला कळेना. मी ओरडलेच. तशी ती हंडा उतरवून आमच्याकडे आली. "काय हाय गं त्यात? मला बी बघू दे." तिनं आत बघितलं, मग मान वर करून आपल्या घराकडे बघितलं, पुन्हा आत बघितलं. "सायब, माजं घर उलटं का दिसतंय?" "काचेमुळं, मावशी," वडील म्हणाले. "मंग तुमी हे उचलून नेल्यावर काय हुनार न्हाई ना घराला?" मी खदखदून हसले. वडील हसले नाहीत. कालव्याची रेघ आखायला ठोकलेल्या त्यांच्या लाल खुंट्यांची रांग तिच्या दाराकडेच निघाली होती. गेल्या वर्षी मी मुद्दाम त्या कालव्यावर जाऊन आले. संथ पाण्यात तिचा लिंब उलटा दिसत होता. घर मात्र काठावरही नव्हतं आणि पाण्यातही.