खेळाच्या खोलीतलं मंडळ

"बसून राह्यलं की माणूस गंजते," असं म्हणत आमचे पीटीचे सर शिक्षकखोलीत उभ्यानेच चहा प्यायचे. एक पाय सारखा हलत असायचा. तुमच्याही शाळेत असा एखादा असेल. त्याच्या शेजारी पेपर तपासणं म्हणजे शिक्षा. सिंदेवाहीजवळच्या आमच्या शाळेत मी ती नऊ वर्षं भोगली, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मुलांना रांगेत लावणं हे त्यांचं काम. मुलगे डावीकडे, मुली उजवीकडे. दहावीतला एक मुलगा प्रार्थनेला नेहमी दोन्ही रांगांच्या मध्ये घुटमळायचा. वर्गात त्याला "बायल्या" म्हणायचे. एकदा सर माइकवरून बोलून गेले, "तुले पोरीयच्या रांगेत टाकू का?" सगळं मैदान हसलं. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही.

आठव्या दिवशी सर मोटारसायकल काढून त्याच्या गावी गेले. तो शेतात, पाण्याने भरलेल्या बांधीत धानाची रोवणी करत होता. शाळा सोडली, म्हणाला. सरांनी तिथेच, कडेच्या धुऱ्यावर उभं राहून त्याची माफी मागितली. चिखलातला हात न थांबवता त्याने विचारलं, "सर, माह्यावानी अजून कोणी आहे का शाळेत?"

परत आल्यावर दोन दिवस सरांनी मला तोच प्रश्न विचारून हैराण केलं. मग मुख्याध्यापकांची परवानगी काढून मंडळच सुरू केलं: ज्यांना मुलगा-मुलगी या दोन रांगांत उभं राहणं जड जातं, ज्यांचं मन आपल्यासारख्याच मुलावर किंवा मुलीवर जातं, आणि ज्यांना अशांची सोबत करायची आहे, त्या सगळ्यांसाठी. समलिंगी, ट्रान्स हे शब्द त्यांनी माझ्यासमोर कवायतीसारखे घोकले. मला हसू यायचं. त्यांना घाम यायचा.

शनिवारी शाळा सुटली की खेळाच्या खोलीत कॅरमभोवती मुलं जमायची. तो मुलगा परत आला. होता होता सात जण झाले. फार काही व्हायचं नाही. बोलायची, चिडवायची, कधी एखादं रडायचं. सर दर पाच मिनिटांनी दाराबाहेर डोकावून यायचे.

पण तिथेही त्यांनी हजेरी घेतली. नाव, वर्ग, सही. हजेरीशिवाय काही भरतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं, पण मलाही सुचलं नाही.

मग संस्थेच्या एका सदस्याच्या कानावर गेलं. त्यांनी ते रजिस्टर मागवलं. सगळ्यांच्या आईबापांना बोलावून घेणार होते. सर माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"नावं लिवली म्हंजे लेकरं आपली झाली, असं वाटलं मले," ते म्हणाले. "मी तं त्यायले पकडून देऊन राह्यलो होतो, मॅडम."

वीस वर्षांत रजिस्टरचं पान दुमडू न देणाऱ्या माणसाने ते रजिस्टर घरच्या चुलीत घातलं आणि हरवलं म्हणून लिहून दिलं. नोटीस आली. दिवाळीनंतर संस्थेच्या पार सिरोंच्याकडच्या शाळेत बदली झाली. निरोपाच्या कार्यक्रमातही ते खुर्चीवर टेकले नाहीत.

आता शनिवारी खोली मी उघडते. गेल्या महिन्यात त्या मुलाने दहावीचा फॉर्म भरल्याचं सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच सरांना फोन लावला.

"बरं झालं," ते म्हणाले. "आन बाकीचे सहा?"

दोघंच येतात. रजिस्टर मागवल्याचं कळल्यापासून चौघांनी खोलीकडे पाठ फिरवली आहे. मी म्हटलं, येतील हळूहळू.

"येतीन कसे? आपल्याले जा लागते त्यायच्याकडे."

त्याला तीन शनिवार झाले. चौघांचीही घरं मला माहीत आहेत. मी अजून गेलेले नाही.