बारावीच्या वर्षी आलेलं ग्रहण

आमच्या ह्यांना कुठलीही गोष्ट सरळ करता येत नाही. ते भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या एका लहानशा कारखान्यात इंजिनिअर आहेत. तिथे मशीन दुरुस्तीसाठी बंद ठेवायचं असलं की महिनाभर आधी सगळं कागदावर मांडावं लागतं. हा पार्ट मिळाला नाही तर काय, तो माणूस आला नाही तर काय. ही सवय त्यांनी घरीही आणली. सांचीला डबा घेऊन जायचं तरी आमच्याकडे पर्यायी सांची तयार असते.

तेव्हा २०२७च्या ऑगस्टात खग्रास सूर्यग्रहण बघायला जायचं असं त्यांनी जाहीर केलं, त्या दिवशी मी ताटं आधीच उचलून ठेवली. अंदाज बरोबर निघाला. टेबलावर जगाचा नकाशा आला आणि स्पेनपासून थेट अरबस्तानापर्यंत पेन्सिलीने एक पट्टा रंगवला गेला.

“या पट्ट्यात उभं राहिलं तरच सूर्य पूर्ण झाकला जाणार,” ते म्हणाले. “पट्ट्याच्या बाहेर पाऊल पडलं की संपलं.”

“म्हणजे सोवळ्याच्या रेघेसारखंच की,” सासूबाई वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या.

“आई, हे विज्ञान आहे.”

“मी कुठे नाही म्हटलं? रेघ रेघच असते.”

स्पेन रद्द झालं, कारण समुद्रकिनाऱ्यावरच्या ढगांचा भरवसा नाही. शेवटी इजिप्तमधल्या लक्सरवर बोट टेकलं. तिथे सहा मिनिटांहून जास्त वेळ अंधार राहणार होता आणि ऑगस्टात तिथे ढग औषधालाही सापडत नाही. ऊन मात्र भयंकर.

“उन्हाचं काय सांगतोस,” सासूबाई म्हणाल्या. त्या अमरावतीच्या. “आपण काय काश्मीरची माणसं आहोत?”

आमची मुलगी अकरावीत आहे. तिने मोबाइलवरून मान वर करून सुचवलं, “पापा, २०३४ला कारगिलकडे दिसणार आहे ना टोटल. तेव्हा जाऊ. आरामसे.”

“तेव्हा मी वरूनच बघीन,” सासूबाई म्हणाल्या. “मला तिकीट नको.”

ह्यांना ढगांचं इतकं भय का, ते सांगायला मागे जावं लागेल. २००९च्या जुलैमध्ये असंच एक खग्रास ग्रहण भोपाळवरूनच गेलं होतं. कुठे जायची गरज नव्हती, नकाशा नको, काही नको. सावली शिवाजी नगरातल्या आमच्या घराच्या छपरावरून जाणार होती. मी तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होते.

मी पांढुर्ण्याची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझे वडील सायकली दुरुस्त करत आणि माझं बी.एस्सी.चं प्रमाणपत्र त्यांनी दुकानातच लावलं होतं, पंपाच्या वर. शाळेत असताना आमच्या सरांनी ग्रहण शिकवलं होतं ते अजून डोळ्यांसमोर आहे. बल्ब म्हणजे सूर्य, संत्रं म्हणजे पृथ्वी आणि बोर म्हणजे चंद्र. खिडक्यांवर पोती टांगलेली. बोराची सावली संत्र्यावर पडली तेव्हा अख्खा वर्ग गप्प झाला. तास संपल्यावर सरांनी पृथ्वी सोलून एकेक फोड वाटली. त्या दिवसापासून मला ते खरं बघायचं होतं.

आणि ते खरं आलं तेव्हा मी मागच्या खोलीत पलंगावर सरळ आडवी पडलेली होते. गरोदर बाईने ग्रहणात पाय मुडपायचे नाहीत, सुरी-सुई हातात घ्यायची नाही, उजेड अंगावर येऊ द्यायचा नाही. सासूबाईंनी खिडकीच्या फटींत जुन्या साड्यांचे बोळे कोंबले होते आणि माझ्या उशाशी बसून त्या पुटपुटत होत्या. मी विरोध केला नाही. सावलीचे नियम मला तोंडपाठ होते, पण पोटात बाळ होतं आणि उशाशी बसलेली बाई माझ्याहून जास्त घाबरलेली होती. सकाळ होती, तरी बाहेरच्या चिमण्या अचानक गप्प झाल्या. नंतर कुणीतरी रस्त्यावर ओरडलं, आणि चिमण्या परत सुरू झाल्या. माझं ग्रहण एवढंच.

हे गच्चीवर गेले होते. खाली आले ते पडलेल्या चेहऱ्याने. “ढग होते,” ते म्हणाले. “काळोख झाला, बाकी काही दिसलं नाही. तुझं काहीच हुकलं नाही.”

मला बरं वाटलं होतं. आज मी टी. टी. नगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी ग्रहणाचा धडा येतो, दरवर्षी मी संत्रं घेऊन जाते आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, “मैडम, भोपाल में हुआ था ना? आपने देखा था?” मी सांगते, “बादल थे, बेटा.”

तर आता लक्सर. पण नकाशा गुंडाळून ठेवल्यावर मला जे आठवलं ते ह्यांच्या कागदावर कुठेच नव्हतं. पुढल्या ऑगस्टात मुलगी बारावीत असणार.

मराठी घरात बारावी म्हणजे काय, हे मी सांगायला नको. त्या वर्षी लग्नांना जायचं नाही, पाहुण्यांना बोलवायचं नाही, मोठ्याने शिंकायचं नाही. शाळेतल्या मैत्रिणी आतापासूनच मला “पुढच्या वर्षी बारावी ना?” असं विचारतात, जसं कुणी ऑपरेशनची तारीख विचारावी. बारावीतल्या मुलीला सोडून आई इजिप्तला गेली, असं आमच्या नातेवाइकांत अजून झालेलं नाही.

“तुम्ही जाऊन या,” मी ह्यांना सांगितलं. “मी थांबते.”

“मम्मी, सीरियसली? मी काय छोटी बच्ची आहे का?” मुलगी म्हणाली.

“छोटी नाहीस म्हणूनच. छोटी असतीस तर सोबत नेलं असतं.”

 ह्यांनी कागदावर दोन तिकिटांचं एक केलं, मग खोडून परत दोन केलं, मग प्रश्नचिन्ह टाकलं. मी ते बघितलं नाही असं दाखवलं. त्या रात्री पोळ्या जरा जास्तच जाड झाल्या.

मे महिन्यात त्यांनी रंगीत तालीम काढली. लक्सरच्या उन्हाचा सराव हवा म्हणून भर दुपारी सगळ्यांना गच्चीवर बसवलं. डोक्यावर ओले पंचे, हातात ताकाचे ग्लास, डोळ्यांवर ग्रहणाचे काळे चष्मे. त्या चष्म्यांतून सूर्याशिवाय काहीच दिसत नाही, त्यामुळे सासूबाईंनी पहिला घोट पदरावर घेतला. मी जाणार नव्हतेच, तरी बसले होते. वेळ घ्यायला कुणीतरी लागतं, असं ह्यांचं म्हणणं.

शेजारच्या गच्चीवरून काकूंचा आवाज आला, “भाईसाहब, इस बार पापड़ की जगह घरवालों को सुखा रहे हो क्या?”

“प्रैक्टिस है, भाभीजी,” हे चष्मा न काढता पाण्याच्या टाकीकडे बघून म्हणाले.

मग ते आम्हाला शिकवू लागले. सूर्याची शेवटची कडा दिसतेय तोवर चष्मा डोळ्यांवरच ठेवायचा. पूर्ण झाकला गेला, की काढायचा. तेव्हाच फक्त उघड्या डोळ्यांनी बघता येतं. कडा परत चमकली की पुन्हा घालायचा.

“आणि काढताना गडबड करायची नाही,” ते रंगात येऊन म्हणाले. “त्या दिवशी माझा चष्मा कानातच अडकला. तो सुटेपर्यंत अर्धं संपून गेलं होतं.”

 मी माझा चष्मा काढला.

“कुठल्या दिवशी हो?”

“अं?”

“ढग होते ना?”

“ढग होते. होतेच. म्हणजे बहुतेक वेळ होते.”

“पापा,” मुलगी म्हणाली, “तुम तो गए.”

ते आईकडे बघू लागले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, डोक्यावर ओला पंचा, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि आईकडे बघतोय. सासूबाईंनी ताकाचा ग्लास खाली ठेवला.

“त्याला काय विचारून राहिली? मी सांगितलं होतं त्याला,” त्या म्हणाल्या. “धावत खाली आला, लहान पोरासारखा. म्हणे, आई, ढग फाटले, आई, मध्ये काळं नि भोवती पांढरं, जसं कुणी केस मोकळे सोडलेत. मी म्हटलं, तोंड पाड आधी. ती आत पडून आहे. आयुष्यभर मनात धरून बसेल. ढग होते म्हणून सांग.”

“आणि तुम्ही सांगितलंत,” मी ह्यांना म्हटलं.

“आईने सांगितलं होतं,” ते म्हणाले. या एका बाबतीत त्यांच्याकडे पर्यायी व्यवस्था नव्हती.

मला राग यायला हवा होता. खरं तर मनात पहिला हिशेब आला तो माझ्या वर्गांचा. किती पोरांना मी तो ढग शिकवला असेल! पण सासूबाईंवर रागावणं मला जमत नाही. मुलगी तीन महिन्यांची असताना याच बाई तिला दुपट्यात गुंडाळून बी.एड.च्या परीक्षेला माझ्याबरोबर येत आणि केंद्राच्या बाहेर कडुलिंबाखाली बसत. मधल्या सुट्टीत मी पोरीला पाजायचे आणि त्या मला पोळीचा घास भरवायच्या. माझ्या माहेरी शिकलेलं कुणी नव्हतं, आणि सासरी मला शिकू देणारी ही बाई फारशी शिकलेली नव्हती. तिला ग्रहणाची भीती होती. परीक्षेची नव्हती.

ह्यांच्यावर मात्र रागावता येत होतं. पुढचा आठवडाभर मी त्यांना ढग म्हणत होते. “अहो ढग, चहा झालाय.” “ढग, भाजी आणायची आहे.” ते निमूट आणत होते.

पण त्या दुपारी गच्चीवरच सासूबाईंनी मला विचारलं, “तू जात का नाहीस पण?”

“बारावी आहे, आई.”

“कुणाची, तुझी?” त्या म्हणाल्या. “हे बघ. ही पोटात होती म्हणून मी तुला आत ठेवली. आता ही पोटात आहे का? चांगली माझ्या डोक्यावरून उंच झाली. बारावीला ग्रहण लागत नाही.”

“पण हिचं खाणंपिणं, क्लास...”

“मी आहे ना. गुडघे गेलेत, हात नाही गेले. एकदा तुझ्याबरोबर आत बसले, आता हिच्याबरोबर बसीन.”

“आजी, खिडक्यांत साड्या कोंबायच्या नाहीत हां,” मुलगी म्हणाली.

“ते पंचांग बघून ठरवू.”

मी काहीतरी बोलायला गेले आणि ताकाचा रिकामा ग्लासच तोंडाला लावला. सासूबाईंनी ते ओळखलं असावं, कारण त्या लगेच ह्यांच्याकडे वळल्या. “आणि सुटल्यावर हिला आंघोळ करायला लाव. तिथे मोठी नदी आहे म्हणतोस ना? वाहती आहे ना? मग चालेल.”

“नाईलमध्ये मगरी असतात, आई.”

“मग बादलीत आण. इंजिनिअर आहेस ना?”

हे खाली गेले आणि कागद घेऊन वर आले. प्रश्नचिन्ह खोडून दोन तिकिटं लिहिली, आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘बादली’. बादलीपुढे कंस करून पर्याय म्हणून ‘हॉटेलचा शॉवर’.

जुलैत शाळा सुरू झाली. धडा आला, मी संत्रं घेऊन गेले, खिडक्या झाकल्या. मागच्या बाकावरून नेहमीचा प्रश्न आलाच, “मैडम, आपने देखा है?”

तोंडात ‘बादल’ येऊन बसला होता, तो मी गिळला.

“अभी नहीं,” मी म्हटलं, आणि पृथ्वी सोलायला घेतली.